सेतुरावांचा ‘वा’

“ते मला बोलावतायत, मॅडम. आता मी कशी जाऊ?” जानकी म्हणाली.

तिनं वडिलांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला होता. उजवा हात चादरीवर निपचित पडला होता. सेतुराव कॉटवरून एकटक तिच्याकडे बघत होते.

“वा,” ते म्हणाले.

“इथंच आहे, अप्पा. कुठं जात नाही.”

“वा.” या वेळी आवाज चढला. मग त्यांनी डोळे मिटले आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. मूळची कऱ्हाडची, पण नोकरीतली जवळजवळ सगळी वर्षं चेन्नईच्या एका हॉस्पिटलात गेली. ज्यांची वाचा आजारानं गेली, त्यांच्याबरोबर बसून ती जमेल तेवढी परत आणायची, हे माझं काम. सेतुरावांची केस माझ्याकडे आली ती त्यांच्या कागदांवर ‘मातृभाषा मराठी’ असं लिहिलं होतं म्हणून. ज्युनियर डॉक्टरनं मला फोन करून सांगितलं, “तुमच्याकडचे आहेत.”

ते माझ्याकडचे नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या तंजावरची माणसं. त्यांच्या पत्नी ललिताबाई बोलायला लागल्या की जुन्या बखरीतलं पान तमिळ चालीवर कुणी वाचून दाखवावं तसं वाटायचं. ‘सगळे’ला त्या ‘अस्के’ म्हणायच्या, ‘मला’ला ‘मज’. पहिल्या दिवशी माझं मराठी ऐकून त्या म्हणाल्या, “तुमची भाषा फार घाई करते कीं.” ती घाई मी नंतर त्यांच्यासमोर कमी केली.

सेतुराव दुभाषे होते. श्रीपेरुंबुदूरला गाड्यांचे भाग बनवणारा एक कारखाना आहे, तिथं जपानहून येणारे इंजिनियर आणि इथले कामगार यांच्यामध्ये उभं राहून त्यांनी आयुष्य काढलं. घरात तंजावरी मराठी, रस्त्यावर तमिळ, ऑफिसात इंग्रजी, शॉप फ्लोअरवर जपानी. लहानपणी वडिलांनी संस्कृतही घोकवून घेतलेलं. रिटायर झाल्यावरही कंपनी त्यांना अधूनमधून बोलवायची. अशा माणसाला डाव्या मेंदूत स्ट्रोक झाला आणि सगळ्या भाषा एकदम गेल्या. उरलं ते एक अक्षर. वा.

याला आम्ही अफेझिया म्हणतो. माणूस वेडा होत नाही, बहिराही होत नाही. मनात काय म्हणायचं ते असतं, पण त्यासाठीचा शब्द हाताला लागत नाही. काही रुग्णांत एकच तुकडा शिल्लक राहतो आणि काहीही बोलायला गेलं तरी तोच बाहेर पडतो. कुणाचा ‘नाही नाही’ उरतो, कुणाचं एखाद्या देवाचं नाव. तो तुकडा त्याच माणसाकडे का राहिला, हे सांगता येत नाही. त्याला अर्थ असेलच असं नाही. नातेवाइकांना मात्र हे पटवणं कठीण जातं, कारण तो तुकडा बहुतेक वेळा त्यांच्या ओळखीचा शब्द असतो.

तमिळमध्ये ‘वा’ म्हणजे ये. लहानांना, लेकरांना, मित्रांना म्हणायचं. मोठ्यांना ‘वांग’ म्हणतात. चेन्नईत आले तेव्हा पहिला महिनाभर मला कळत नव्हतं, की प्रत्येक दुकानदार मला वांगं का देऊ करतोय. सेतुराव आता आमच्या विभागप्रमुखांना, चीफनासुद्धा ‘वा’च म्हणत. ललिताबाई खाली मान घालायच्या. “तेनी कधी कुणास असं बोलले नाहींत, डॉक्टर. मनावर घेऊ नोका.”

जानकी त्यांची एकुलती मुलगी. ऑटोमोबाईल इंजिनियर. तिला कंपनीनं दोन वर्षांसाठी जपानला पाठवायचं ठरवलं होतं. जपानी ती वडिलांकडूनच शिकलेली. स्ट्रोक झाला तेव्हा तिकीट काढून झालं होतं. आता एचआर उत्तराची वाट बघत होतं आणि जानकीनं नकाराचा ईमेल लिहून ठेवला होता. फक्त पाठवायचा बाकी होता.

“अप्पा दिवसभर मला ‘ये, ये’ म्हणतात,” ती मला कॉरिडॉरमध्ये म्हणाली. मराठीत सुरुवात करायची, तमिळवर जायची, इंग्रजीत संपवायची, अशी तिची पद्धत. “आणि मी विमानात बसू?”

“त्याचा अर्थ ‘ये’ असेलच असं नाही,” मी म्हटलं.

“मग काय अर्थ आहे?”



चीफना वेगळीच घाई होती. आमच्याकडे स्ट्रोकच्या रुग्णांसाठी रोज दोन वेळा थेरपी देणारा रिहॅब विभाग आहे. जागा मोजक्या. ज्याला बोललेलं समजतं त्याला तिथं घेतात, कारण त्याला फायदा जास्त होतो. ज्युनियरनं सेतुरावांना प्रश्न विचारून पाहिले होते. तुमचं नाव सेतुराव का? मान हलली, हो. तुमचं नाव मुरुगन का? मान हलली, हो. बाहेर बर्फ पडतोय का? हो. त्यानं रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘कॉम्प्रिहेन्शन पुअर’. म्हणजे समज कमी.

“शुक्रवारच्या राउंडला मला एका ओळीत सांगा,” चीफ म्हणाले. “समजतंय की नाही. नसेल तर घरी पाठवू.”

“एका ओळीत सांगता येईल असं दिसत नाही, सर.”

“मग दोन ओळींत सांगा.”

त्या दिवशी संध्याकाळी मांबलम स्टेशनवर उतरून वेस्ट मांबलममधल्या माझ्या फ्लॅटकडे चालत निघाले आणि माझ्या लक्षात आलं, की तो शब्द माझ्याबरोबर चालतोय. फुलवाली तिच्या मैत्रिणीला म्हणाली, वा. इस्त्रीवाल्यानं कुत्र्याला हाक मारली, वा वा. वरच्या गॅलरीतून एक बाई खाली बघत नातवाला म्हणत होती, वा कण्णा. समुद्राकडून वारा सुटला होता. चेन्नईत दुपार कलली की तो येतो आणि दिवसभर तापलेल्या भिंती एक श्वास सोडतात. त्या वाऱ्यात ते अक्षर इथून तिथं तरंगत होतं. कुणाच्या तोंडून निघालं, कुणाकडे गेलं, तेही कळेनासं झालं.

घरी येऊन चहा करताना मी ते स्वतःशी म्हणून पाहिलं. आमच्याकडे कुणी छान गायलं तर आपण ‘वा’ म्हणतो. तो फारसीतला ‘वाह’, लांबून आलेला पाहुणा. सरकारी पत्रात ‘अर्जदार वा त्याचा प्रतिनिधी’ असतं, तो संस्कृतचा, म्हणजे ‘किंवा’. एकाच भाषेत राहून दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. शेजारचे काका मस्कतला होते, ते म्हणाले अरबीत ‘व’ म्हणजे ‘आणि’. आमची फिजिओथेरपिस्ट पाँडिचेरीची, शाळेत फ्रेंच शिकलेली. ती फोनवर म्हणाली, फ्रेंचमध्ये ‘वा’ म्हणजे ‘जा’. मी तिला परत विचारलं. “हो, जा,” ती म्हणाली. तमिळमध्ये ये, फ्रेंचमध्ये जा, मध्ये जेमतेम तीन तासांचा रस्ता.

रात्री झोपेतही तेच चाललं होतं. एक लांबलचक व्हरांडा, पांढरे पडदे, आणि प्रत्येक पडद्यामागून कुणीतरी तेच अक्षर उच्चारतंय. एक बोलावतंय, एक हाकलतंय, एक नुसती दाद देतंय. मी प्रत्येक पडदा बाजूला करते आणि मागं खिडकी असते, खिडकीत समुद्र. जाग आली तेव्हा पंखा संथ फिरत होता आणि मला अजिबात भीती वाटली नव्हती. एवढंच जाणवलं, की मी चुकीच्या गोष्टीच्या मागं लागलेय. शब्दकोश पुरा पालथा घातला तरी सेतुराव त्यात सापडणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओकादा-सान भेटायला आले. कारखान्यातले जुने जपानी इंजिनियर, सेतुरावांचे मित्र. साठीच्या पुढचे, बारीक, इस्त्रीच्या शर्टातले. त्यांनी दाराशी वाकून नमस्कार केला आणि स्टूल ओढून कॉटजवळ बसले. आमचं बोलणं इंग्रजीत झालं.

सेतुराव त्यांच्याकडे बघून म्हणाले, “वा.”

आत्तापर्यंत मी पाहिलेल्या प्रत्येक माणसानं या क्षणी काहीतरी केलं होतं. कुणी हात धरला, कुणी पाणी दिलं, कुणी उशी सरळ केली, कुणी ‘हो हो, बरे व्हाल’ म्हटलं. ओकादा-साननी यातलं काही केलं नाही. ते मान किंचित झुकवून बसून राहिले. पडदा हलत होता. कावळा येऊन खिडकीच्या गजावर बसला, उडाला. ते बसलेलेच.

सेतुरावांनी डावा हात उचलला. बोटं हवेत जराशी फिरली. “वा, वा,” ते म्हणाले, हळू, समजावून सांगितल्यासारखं. मग हात खाली आला आणि चेहरा सैल पडला. स्ट्रोकनंतर त्यांचा चेहरा इतका निवांत मी पहिल्यांदा पाहिला.

बाहेर आल्यावर मी ओकादा-सानना विचारलं, “तुम्ही कशाची वाट बघत होता?”

ते जरा ओशाळले. “सवय. आमच्या भाषेत ‘वा’ शब्दाच्या मागं लागतो. ‘माझ्याबद्दल म्हणाल तर’, ‘पावसाबद्दल म्हणाल तर’, असं काहीसं. ‘वा’ आला की विषय ठरला. खरं सांगायचं ते त्याच्यापुढं येतं. म्हणून थांबायचं.”

मी त्यांना अफेझिया म्हणजे काय ते सांगू लागले. ते माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मी म्हटलं, “तुम्हाला पटतंय ना?”

“नाही,” ते हसून म्हणाले. “अजून नीट समजलं नाही. मी फक्त ऐकतोय हे तुम्हाला कळावं म्हणून मान हलवतोय. आमच्याकडे तसंच करतात. सेतु-सानही तसंच करायचे. आम्ही त्यांना म्हणायचो, तुम्ही आमच्याहून जास्त जपानी झालात.”

मी ओकादा-सानना लिफ्टपर्यंत सोडलं आणि परत येऊन ज्युनियरचा रिपोर्ट पुन्हा वाचला. नाव मुरुगन का, मान हलली. बर्फ पडतोय का, मान हलली. अफेझियात मानेचं ‘हो’ आणि ‘नाही’ तसंही उलटसुलट होतं, हे आम्हाला कॉलेजात शिकवतात. त्यात हा माणूस आयुष्यभर समोरच्याचं बोलणं मान हलवत ऐकून घेणारा. ते उत्तर देतच नव्हते. मी ऐकतोय, असं सांगत होते.

ललिताबाईंची परवानगी घेऊन मी त्या दिवशी सकाळपासूनच सेतुरावांचं सगळं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं होतं. संध्याकाळी रिकाम्या थेरपी रूममध्ये बसून ते ऐकलं. अर्थ शोधायचाच नाही असं ठरवून, एखादी चीज ऐकावी तसं. आवाज फार बारीक ठेवला, म्हणजे अक्षर विरघळतं आणि चाल तेवढी उरते. नर्ससाठी तो ‘वा’ आखूड होता, तुटक. ललिताबाईंसाठी लांब आणि उतरता, दमून भिंतीला टेकावं तसा. ओकादा-सानसाठी सपाट, गोष्ट सांगताना असतो तसा. आणि जानकीसाठी तो दर वेळी शेवटी वर जात होता. दर वेळी.

हाक वर जाते, पण ती लांबते. हा लांबत नव्हता. वर जाऊन टांगून राहत होता. तो प्रश्न होता.

शुक्रवारी सकाळी मी राउंडच्या आधी गेले. जानकी नेहमीसारखी हात धरून बसलेली. ललिताबाई फ्लास्कमधून कॉफी ओतत होत्या.

“आज थोडा वेळ एक गोष्ट कराल?” मी दोघींना म्हटलं. “ते बोलले की काही करायचं नाही. उत्तर द्यायचं नाही, हात धरायचा नाही.”

“तेनी रागावतील,” ललिताबाई म्हणाल्या.

“रागावू देत.”

आधी मी मानेचा प्रश्नच मिटवला. “सेतुराव, हो असेल तर माझा हात दाबा. नाही असेल तर ढकलून द्या.” तुमचं नाव मुरुगन का? त्यांनी माझा हात ढकलला. सेतुराव का? दाबला. बाहेर बर्फ पडतोय का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळले, आणि मग ढकलला. हे मी तमिळमध्ये विचारलं, मराठीत विचारलं, इंग्रजीत विचारलं. एखादं चुकलं, पण बहुतेक बरोबर. ललिताबाईंच्या हातातला कॉफीचा पेला तसाच राहिला.

“म्हणजे अस्के समजतं यांस?”

“बरंचसं.”

मग सेतुरावांनी जानकीकडे पाहिलं. “वा?”

जानकीचा हात आपोआप पुढं झाला. मी मान हलवून नको म्हटलं. तिनं हात मांडीखाली घातला. पडदा आत-बाहेर होत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागं घेत होतं, तिचं बीप बीप थांबलं. सेतुराव थांबले होते, आम्ही थांबलो होतो. मग मोकळा राहिलेला डावा हात उचलला गेला आणि समोरच्या भिंतीकडे गेला. तिथं रोज एक पान फाडायचं तमिळ कॅलेंडर टांगलेलं होतं.

“वा?” ते पुन्हा जानकीकडे वळून म्हणाले.

“तारीख?” जानकीनं आपला हात त्यांच्याजवळ ठेवत विचारलं. “आज काय वार आहे, ते विचारता?”

त्यांनी तिचा हात ढकलला. पुन्हा कॅलेंडरकडे बोट. मग तोच पंजा पालथा करून चादरीवरून हळूहळू वर नेला, डोक्यापर्यंत, खिडकीकडे.

जानकीला कळलं.  “कधी,” ती म्हणाली. “मी कधी जाणार, ते विचारतायत.”

सेतुरावांनी तिचा हात दाबला आणि सोडलाच नाही.

इतके दिवस ते एवढंच विचारत होते. तुझं विमान कधी आहे. प्रत्येक वेळी मुलगी उत्तर देत होती, इथंच आहे, कुठं जात नाही. आणि बोट दाखवायला जो एक हात उरला होता, तो तिच्या दोन्ही हातांत होता.

“मी जात नाही, अप्पा,” जानकी म्हणाली. “मेल लिहून ठेवलाय.”

“वा.” हा मी आधी कधी ऐकलेला नव्हता. कडक, खालच्या पट्टीतला. कारखान्यात कुणी सुरक्षेचा नियम मोडला असता तर दुभाषा असाच बोलला असता. जानकी काही म्हणायला गेली. “वा,” त्यांनी तिला तोडलं. मग तेच अक्षर, चढत, उतरत, मध्ये दम घेत, कितीतरी वेळ. त्यात एकही शब्द नव्हता आणि ते एका बापाचं रीतसर रागावणं होतं. जानकी खाली मान घालून ऐकत होती. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती.

ललिताबाई खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, “तेनी तिला ‘ये’ म्हणतात, हे पयलें मीच बोलले. मज तसंच ऐकायचं होतं कीं. ती गेल्यावर मी एकटी यांस कशी सांभाळूं?”

 सेतुरावांनी मुलीचा हात सोडला आणि बायकोच्या दिशेनं पुढं केला. “वा,” ते म्हणाले, लांब, उतरता. तो तमिळमधला होता की आणखी कुठला, मी विचार केला नाही. त्या उठून त्यांच्याजवळ गेल्या.

राउंडला चीफ आले. मी हात दाबून आणि ढकलून उत्तरं कशी येतात ते करून दाखवलं. त्यांनी स्वतः दोन-तीन प्रश्न विचारले. शेवटचा होता, “मी चांगला डॉक्टर आहे का?” सेतुरावांनी हात दाबायला जरा वेळ घेतला. ज्युनियर हसला.

“ठीक. रिहॅबला घ्या,” चीफ म्हणाले. कॉरिडॉरमध्ये त्यांनी मला विचारलं, “मग त्या शब्दाचा अर्थ काय निघाला?”

“काही नाही, सर.”

“रिपोर्टमध्ये ‘काही नाही’ लिहिणार?”

“‘समज चांगली, सूर शाबूत’ असं लिहिते.”

“ही एक ओळ झाली,” ते म्हणाले आणि पुढच्या वॉर्डात गेले.

जानकीनं तो ईमेल पाठवला नाही. कंपनीकडून तिनं काही महिन्यांची मुदत मागितली, ती मिळाली. तेवढ्यात कुंभकोणमहून ललिताबाईंची विधवा बहीण राहायला आली. सेतुराव रिहॅबमध्ये आले आणि आम्ही कामाला लागलो. सूर शिल्लक होता, म्हणून सुरावरूनच सुरुवात केली. आधी गुणगुणायचं, मग त्या चालीवर एक शब्द बसवायचा. पहिला आला तो ‘कॉफी’. मग ‘नोको’. मग एका सकाळी, दात घासताना, एकापासून दहापर्यंत जपानी आकडे ओळीनं आले आणि ते स्वतःच दचकले. तमिळ तुटक आली, मराठी तिच्यात मिसळून आली. पूर्ण वाक्य त्यांना पुढं कधी नीट जमलं नाही. दुभाष्याचं काम तर नाहीच. पण घर चालवण्यापुरतं आणि भांडण्यापुरतं आलं. ललिताबाईंनी मला सांगितलं, की भांडण्यापुरतं आधी आलं.

जानकी गेली तेव्हा ते व्हीलचेअरवर विमानतळापर्यंत सोडायला गेले होते. आता ती रविवारी फोन करते आणि ते तिला जपानीतले शब्द विचारतात, कारण ते तिला जास्त आठवतात.

माझ्या हाताखाली दरवर्षी नवीन थेरपिस्ट येतात. हुशार असतात. पेशंटनं तोंड उघडलं की काय म्हणायचंय ते त्यांना लगेच कळतं आणि पेशंटचं वाक्य पूर्ण करून टाकतात. मी त्यांना सांगते, पेशंट बोलला की आधी गप्प बसा, आणि त्याचा चालता हात धरू नका. एवढं जमलं की बाकीचं पुस्तकात आहे.